कोपरखळीचे अंतर : गिरगाव-दादरच्या नाट्यपरीक्षणातील विनोद

मराठी समीक्षा शिकविताना आपण जी पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती देतो, त्यांत हसू येईल असे पान सहसा सापडत नाही. समीक्षा गंभीर असते, म्हणून ती गंभीर चेहऱ्यानेच लिहिली पाहिजे, अशी आपली एक न बोललेली समजूत आहे. या समजुतीमुळे मराठी समीक्षेचा एक मोठा आणि लोकांनी खरोखर वाचलेला भाग अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिला. तो भाग म्हणजे मुंबईच्या दैनिकांतून व साप्ताहिकांतून आठवड्यामागून आठवडे प्रसिद्ध होत गेलेली नाट्यपरीक्षणे. अभ्यासपत्रिकेत त्यांची वासलात 'वृत्तपत्रीय लेखन' या शीर्षकाखाली एका टिपेत लागते.

माझ्या एम.फिल.च्या मौखिक परीक्षेत एका ज्येष्ठ परीक्षकांनी माझ्या प्रबंधिकेला जोडलेली कात्रणे चाळली, दोन ठिकाणी ते मनापासून हसले, आणि मग चष्मा काढून त्यांनी विचारले, "वाचायला मजा येते हे खरे, पण यात समीक्षा कुठे आहे?" त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. ते नंतरही डोक्यातून गेले नाही, कारण प्रश्न रास्त होता. परीक्षक ज्या ठिकाणी हसले, नेमक्या त्याच ठिकाणी समीक्षा होती, असे मला आता वाटते. प्रस्तुत लेखात तेवढेच दाखविण्याचा प्रयत्न आहे; आणि तो करताना या परंपरेला जे दिसले नाही तेही सांगावे लागणार आहे.

ही कात्रणे माझ्या वडिलांची. परळच्या आमच्या खोलीत बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता, आणि त्यात रविवारच्या पुरवण्यांतून कापलेली नाट्यपरीक्षणे घडी घालून ठेवलेली असत. वडील पोस्टात नोकरीला. रविवारी सकाळी चहा झाला की ते परीक्षण मोठ्याने वाचीत. आई स्वयंपाक करता करता ऐके, शेजारचे काका दाराच्या चौकटीला टेकून उभे राहत. वाचून झाले की नाटकाला जायचे की नाही यावर चर्चा होई आणि बहुतेक वेळा महिनाअखेर असल्याने तो प्रश्न आपोआप निकालात निघे. आम्ही पाहिलेल्या नाटकांपेक्षा परीक्षणांतून ऐकलेली नाटकेच जास्त होती. न पाहिलेल्या नाटकावरचे वाक्य मात्र घरात वर्षानुवर्षे टिकून राहत असे. एखादा नातेवाईक निरोप घेऊनही दारातच बोलत उभा राहिला, तर वडील हळूच म्हणत, "तिसरा अंक." हे कोणत्या परीक्षणातून आले होते ते कोणालाच आठवत नव्हते. ते घरचे झाले होते.

शब्दांची साक्ष

विनोदी टीकेसाठी मराठीत जे शब्द आहेत त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले पाहिजे. चिमटा, टपली, कोपरखळी, गुदगुल्या, टोला, शालजोडीतला. यांतील प्रत्येक शब्द शरीराचा आहे, आणि त्यातील क्रिया हाताच्या अंतरावरूनच घडू शकते. कोपरखळी मारावयाची तर शेजारी बसावे लागते. चिमटा काढावयाचा तर हात पोचला पाहिजे. शालजोडीतला तर समोर उभे राहून, सन्मानाच्या आवेशात द्यावा लागतो. दुरून करता येण्यासारखा यांत एकही प्रकार नाही. दुरून दगड मारता येतो, पण त्याला मराठीत विनोद म्हणत नाहीत.

माझ्या मते या परंपरेचे मर्म या शब्दांतच साठविलेले आहे. गिरगाव-दादरचा परीक्षक हा मुळात शेजारी होता. भूगोल पाहावा. गिरगावात केळेवाडीतील मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह, दादरला प्लाझा चित्रपटगृहासमोर १९६५ मध्ये सुरू झालेले शिवाजी मंदिर, प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर, छबिलदास शाळेतील सभागृह, जेथे १९७४ पासून प्रायोगिक नाटकांचे प्रयोग होत गेले. चर्नी रोड ते दादर हा लोकलचा वीसएक मिनिटांचा प्रवास. एवढ्या पट्ट्यात नाटककार, नट, निर्माते, तिकीट खिडकीवरचे बुकिंग क्लार्क, प्रेक्षक आणि परीक्षक वावरत होते. रविवारी ज्याच्या अभिनयावर लिहिले, तो नट मंगळवारी शिवाजी मंदिरच्या उपाहारगृहात बटाटेवड्याची बशी हातात घेऊन समोर येण्याची शक्यता होती. ज्या वाचकासाठी लिहिले, तो त्याच प्रयोगाला मागच्या रांगेत बसलेला असू शकत होता.

या शेजारामुळे विनोदावर एक बंधन येते. परीक्षकाने अतिशयोक्ती केली तर वाचक पुढच्या प्रयोगाला जाऊन ती तपासून पाहू शकतो. त्याने एखाद्या नटाच्या लकबीची थट्टा केली आणि ती लकब त्या नटाला नसेलच, तर हसे परीक्षकाचे होते. ज्याला पुराव्याची समीक्षा म्हणतात, तिच्यात पुरावा तळटिपेत असतो. येथे तो संध्याकाळच्या प्रयोगात होता, आणि बाल्कनीचे तिकीट काढणाऱ्या कोणालाही उपलब्ध होता.

प्रेक्षकाचे हसणे हे मूल्यमापनाचे साधन मानण्याची कल्पना काही आधुनिक वृत्तपत्रांनी काढलेली नाही. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना मानुषी सिद्धीची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत स्मित, अर्धहास्य आणि अतिहास्य यांची गणना आहे. 'साधु', 'अहो' आणि 'कष्टम्' हे उद्गार त्यांच्या नंतर येतात. म्हणजे प्रेक्षक कोणत्या जागी, किती आणि कसा हसला यावरून प्रयोग साधला की नाही हे ठरविण्याची रीत जुनीच आहे. मराठी परीक्षकाने एवढेच केले की ते हसू नाट्यगृहातून उचलून कागदावर आणले आणि कधीकधी नाटककाराला अपेक्षित नसलेल्या जागी नेऊन ठेवले.

परंपरेचा वंशवृक्ष येथे सविस्तर मांडण्याचे कारण नाही, परंतु तीन थांबे घेतले पाहिजेत. पहिला 'विविधज्ञानविस्तारा'चा. १८६७ पासून मुंबईतून निघणाऱ्या या मासिकात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'विक्रमशशिकला' या नाटकाचे जे परीक्षण लिहिले, त्यातूनच त्यांचे नाव प्रथम पुढे आले. ज्यांना आपण मराठी विनोदी लेखनाचे आद्य पुरुष मानतो ते परीक्षणाच्या दाराने साहित्यात आले, या गोष्टीकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. 'सुदाम्याच्या पोह्यां'तील उपहासाची तालीम परकीय नाटकाच्या चिकित्सेत झाली. पुढे १८९६ मध्ये त्यांचेच 'वीरतनय' रंगभूमीवर आले आणि इतरांना मोजणारी फूटपट्टी त्यांच्याही पाठीशी लागली. त्यांचा शिष्य म्हणविणाऱ्या गडकऱ्यांनी 'कवींचा कारखाना' लिहून तीच चिकित्सा कवितेकडे वळविली.

दुसरा थांबा केशवराव भोळ्यांचा. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाला संगीत देणारे भोळे 'एकलव्य' आणि 'शुद्ध सारंग' या टोपणनावांनी गायकांवर लिहीत असत. त्या लेखनातून पुढे 'संगीताचे मानकरी' हे पुस्तक झाले. टोपणनाव घेणे हीच या शेजाराच्या समीक्षेची एक तडजोड आहे. उद्या ज्याच्या मैफिलीला जाऊन बसावयाचे त्याच्यावर आज लिहिताना शालीखाली हात झाकून घ्यावा लागतो. संगीतक्षेत्रात टोपणनाव फार काळ टोपण राहत नाही, हे अर्थात भोळ्यांनाही ठाऊक असणार.

तिसरा थांबा आचार्य अत्र्यांचा, आणि तो मी मुद्दाम लहान ठेवतो. १९४० मध्ये सुरू झालेले 'नवयुग' आणि १९५६ मधील दैनिक 'मराठा' यांतून अत्र्यांनी नाटक, चित्रपट आणि साहित्य यांच्यावर जे लिहिले त्याची लोकप्रियता निर्विवाद आहे. परंतु अत्र्यांचे हत्यार कोपर नव्हते, सोटा होता. त्यांचा विनोद शेजाऱ्याला उद्देशून नसून सभेला उद्देशून असतो. तो हजारोंच्या टाळ्यांची अपेक्षा करतो. सभा जिंकण्यासाठी प्रतिपक्ष पूर्ण वाईट असावा लागतो, आणि पूर्ण वाईट नाटक क्वचितच असते. समीक्षक म्हणून अत्रे वाचावेत ते 'झेंडूची फुले'मध्ये. १९२५ च्या या विडंबनसंग्रहात मूळ कविता कानाशी इतकी जवळ धरलेली आहे की तिची प्रत्येक सवय ऐकू येते. तेथे अत्रे शेजारी होते.

एका वाक्याची तपासणी

विनोदाने समीक्षा कशी होते हे दाखविण्यासाठी कोणाचे वाक्य उद्धृत करण्याऐवजी मी माझ्या पदरचे एक वाक्य घेतो. समजा, परीक्षक लिहितो : "दिवाणखान्याचे नेपथ्य इतके भक्कम होते की दुसऱ्या अंकात नाटक कोसळले तरी भिंतीला तडा गेला नाही." आता हाच अभिप्राय आपल्या विद्यापीठीय भाषेत मांडू : "नेपथ्य वास्तवदर्शी व परिणामकारक असले तरी दुसऱ्या अंकातील संहितेची बांधणी शिथिल वाटते." दोन्ही वाक्यांत दोनच विधाने आहेत. नेपथ्य चांगले, दुसरा अंक वाईट. मग फरक कशाचा?

विद्यापीठीय वाक्यात ही दोन विधाने 'तरी' या अव्ययाने एकमेकांशेजारी ठेवली आहेत. त्यांचा परस्परांशी काय संबंध आहे ते वाक्य सांगत नाही. उलट, एकाने दुसऱ्याची भरपाई होते असा आभास निर्माण करते. विनोदी वाक्यात त्याच दोन विधानांना एका प्रतिमेत जोडले आहे. भिंत उभी आहे आणि नाटक पडले आहे, हे एकाच वेळी पाहताच वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहतो की निर्मात्याने आपले बळ कोठे खर्च केले? दिवाणखानी नाटकाच्या एका संपूर्ण कालखंडावरचा हा अभिप्राय आहे. संहितेवर सहा महिने खर्चण्याऐवजी प्लायवूडवर पैसे खर्च करण्याची जी प्रवृत्ती होती, तिचे निदान त्या हसण्यात आहे. ज्याला कार्यकारणभाव म्हणतात, तो विनोदाने दाखविला आणि गंभीर वाक्याने झाकला.

आणखी एक घेऊ. एखाद्या अनावश्यक पात्राविषयी परीक्षक म्हणतो की ते पागडी न देता घुसलेल्या पोटभाडेकरूसारखे तिसऱ्या अंकापर्यंत हलत नाही. ही उपमा पुण्याच्या वाड्यात किंवा नागपूरच्या बंगल्यात सुचणार नाही. गिरगावच्या चाळीत ज्याने पोटभाडेकरू पाहिला आहे त्यालाच तिच्यातील तिढा कळेल : तो आगंतुक आहे, पण आता त्याला काढता येत नाही, कारण एव्हाना त्याचे नाव शिधापत्रिकेवर चढले आहे. नाटककाराचीही तीच अडचण असते. पात्र एकदा आत घेतले, त्याच्यावर एक प्रसंग रचला, आता त्याला घालवावयाचे तर नाटकच मोडेल. संरचनेचा एवढा सूक्ष्म दोष एका चाळीच्या उपमेत मावतो. स्थानिक असणे म्हणजे संकुचित असणे, असे आपण फार सहज धरून चालतो. येथे उपमा जितकी स्थानिक तितके निदान अचूक आहे.

या दृष्टीने कमलाकर नाडकर्णी यांचे लेखन मला या परंपरेतील सर्वांत समाधान देणारे वाटते. 'महाराष्ट्र टाइम्स'च्या वाचकांच्या पिढ्यांना त्यांचे नाव परिचित आहे. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा श्रद्धांजलीपर लेखांतून त्यांच्या परखडपणाचा उल्लेख झाला. परखडपणा हा गुण मला दुय्यम वाटतो; परखड कोणालाही होता येते. नाडकर्णी स्वतः हौशी व बालरंगभूमीवर वावरलेले होते, आणि विंगेत उभे राहून नाटक पाहिलेल्या माणसाला प्रेक्षागारातून न दिसणाऱ्या गोष्टी ठाऊक असतात. त्यांच्या थट्टेत ती माहिती असे. 'नाटकी नाटकं' हे त्यांच्या पुस्तकाचे नावच पाहावे. 'नाटकी' हे विशेषण मराठीत निंदाव्यंजक आहे; खोटे, बेगडी, ओढूनताणून आणलेले. परंतु नाटक नाटकी असू नये तर काय असावे? या दोन शब्दांत रंगभूमीवरचा जुनाच वाद, म्हणजे वास्तवाचा भास आणि रंगमंचीय अतिरेक यांच्यातला, एका नामविशेषणात बसविला आहे. 'महानगरी नाटकं' या दुसऱ्या शीर्षकात तर विषयाची हद्दच आखून दिली आहे. हे नाटक एका शहराचे आहे, हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

त्यांचे आडनावबंधू ज्ञानेश्वर नाडकर्णी यांच्याशी नवे वाचक त्यांची गल्लत करतात, म्हणून एवढे नोंदविणे भाग आहे की २०१० मध्ये दिवंगत झालेले ज्ञानेश्वर नाडकर्णी इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत, आणि नाटक व चित्रकला अशा दोन्ही कलांवर लिहीत होते. त्यांचा विनोद वेगळ्या जातीचा, पाश्चात्त्य वळणाचा; तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

माधव मनोहरांचे प्रकरण मात्र येथेच पाहिले पाहिजे, कारण त्यांच्यामुळे या विनोदाला एक वेगळीच धार आली. मराठी नाटकाचे पाश्चात्त्य मूळ शोधून काढणारा समीक्षक ही त्यांची ख्याती होती. उसनवारी उघडी पाडण्यात स्वभावतःच एक विनोद असतो. पाहुणा ऐटीत कोट घालून यावा आणि यजमानाने शांतपणे विचारावे की हा माझा तर नव्हे? १९७० मध्ये बिर्ला मातुश्री सभागृहात 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाल्यापासून आजतागायत त्यातील 'किंग लिअर'विषयी बोलल्याशिवाय आपली चर्चा पुढे सरकत नाही. ही सवय मराठी प्रेक्षकाला लावण्यात माधव मनोहरांसारख्यांचा वाटा आहे. पण येथे मला एक मतभेद नोंदवावयाचा आहे. मूळ सापडले की शोधणाऱ्याचे काम संपते, आणि हसू तेवढ्यावरच थांबते. नाटककाराने उसने घेतलेल्या कापडाचे काय शिवले, हा प्रश्न मागे राहतो. कोटाचा मालक कोण हे कळले. कोट अंगाला बसतो की नाही, हे परीक्षकाने सांगावयाचे होते. विनोद जेव्हा शोध लावून मोकळा होतो तेव्हा तो समीक्षेच्या दारापर्यंत येऊन परत जातो.

विनोदाचे आणखीही एक अपयश आहे आणि ते माझ्या वडिलांच्या डब्यातच आहे. नटीचे वय, नटीचा बांधा, नटीचा रंग यांवरची वाक्ये. ती थोडी आहेत, पण आहेत, आणि लहानपणी त्यांना आमच्या खोलीत हशा मिळाला होता. आता वाचताना आई त्या वेळी हसली होती का, हे आठवण्याचा मी प्रयत्न करतो. ज्या दोषाविषयी समोरच्याला काही करता येण्यासारखे नाही, त्याची थट्टा म्हणजे समीक्षा नव्हे, एवढा साधा निकष येथे पुरेसा आहे. शेजारी माणूस कोपरखळी मारतो ती दुरुस्तीची शक्यता गृहीत धरून.

दामोदर हॉलच्या दाराशी

डब्यातील कात्रणे मी एम.फिल.साठी क्रमवार लावली तेव्हा नाट्यगृहांची यादी केली. साहित्य संघ, शिवाजी मंदिर, रवींद्र, छबिलदास. आमच्या खोलीपासून चालत जाता येईल असे दामोदर नाट्यगृह त्या यादीत नव्हते. सोशल सर्व्हिस लीगचे हे सभागृह १९२२ चे, कामगारवस्तीसाठी उभारलेले. ना. म. जोशींनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या वास्तूत गिरणगावाने आपली नाटके केली आणि पाहिली. कामगार नाट्यस्पर्धा, हौशी मंडळांचे प्रयोग, कोकणातील नमन, शक्ती-तुरा, दशावतार. माझे आजोबा गिरणीत होते. सिंधुदुर्गातून आलेल्या चाकरमान्यांपैकी एक. शिवाजी मंदिरची पायरी ते आयुष्यात चढले नाहीत आणि त्यांना त्याची खंत असल्याचे दिसले नाही. दामोदरला मात्र ते नेमाने जात. वडिलांनी पोस्टात नोकरी धरली, रविवारची पुरवणी घेतली, आणि ते दादरकडे तोंड करून बसले. एका घरातल्या दोन पिढ्यांत मुंबईच्या दोन रंगभूमी अशा शेजारी नांदत होत्या आणि वृत्तपत्रीय परीक्षणाला त्यांपैकी एकच दिसत होती.

शेजाराची समीक्षा म्हणून मी जिचा गौरव करीत आहे, तिचा शेजार दादरच्या पुलापाशी संपत होता, हे मला अस्वस्थ करते. परळ-लालबागच्या प्रयोगांवर लिहिले गेलेच नाही असे नव्हे. परंतु लिहिले गेले ते बहुतांशी कौतुकाच्या, उत्तेजनपर सुरात. 'कामगार बंधूंचा स्तुत्य प्रयत्न' या चालीवर. या सुरात विनोद नसतो. ज्याची थट्टा करावी इतकेही आपण त्याला आपल्या बरोबरीचे मानीत नाही, त्यालाच आपण 'स्तुत्य प्रयत्न' म्हणतो. कोपरखळी न मारणे हाही एक तुच्छतेचा प्रकार असू शकतो, हे मला त्या यादीने शिकविले.

परंतु परळला विनोदी समीक्षा नव्हती, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ती वृत्तपत्रात नव्हती, प्रयोगातच होती. डबलबारी भजनाचे उदाहरण घ्यावे. दोन भजनी मंडळे समोरासमोर बसतात, दोन बुवा आळीपाळीने गातात. अभंग, गौळण, गजर. एका बुवांची बारी संपली की दुसरे बुवा आपली बारी सुरू करण्यापूर्वी, आणि कधी मध्येच, आधीच्या गायनाचा समाचार घेतात. सूर कोठे घसरला, कोणत्या पुराणकथेत कोणत्या पात्राचे नाव चुकले, पखवाजवाल्याने कोठे सम सोडली, चाल कोणत्या चित्रपटातून उचलली. सारे काही थट्टेत, यमकात, समोरच्याचे नाव घेऊन, आणि तो समोर चार हातांवर बसलेला असताना. श्रोते हसतात, पण ते केवळ हसण्यासाठी आलेले नसतात. टोला रास्त असेल तरच दाद मिळते. नाहक टोला मारणाऱ्या बुवाला थंड शांतता मिळते, आणि पुढच्या बारीत परतफेड. रत्नागिरीकडच्या शक्ती-तुऱ्यातही शक्तीवाले आणि तुरेवाले सवाल-जबाबांतून एकमेकांची विद्या तपासतात.

वर नाट्यपरीक्षणाविषयी ज्या गोष्टी सांगितल्या त्या सर्व येथे अधिक शुद्ध स्वरूपात सापडतात. पुरावा समोर आहे. अंतर हातभर आहे. ज्याच्यावर टीका झाली त्याला उत्तर देण्याचा हक्क आहे, नव्हे, त्याची पाळीच ठरलेली आहे. रविवारच्या पुरवणीत नटाला ही पाळी कधी मिळाली नाही. तो फार तर संपादकांना पत्र लिहू शकत होता. शिवाय टीकाकार स्वतः लगेच गाणार आहे. माधव मनोहरांनी उसनवारी उघडी पाडली तेव्हा त्यांना त्याच रात्री स्वतःचे नाटक करून दाखवावे लागले नाही. बुवांना चालीची चोरी पकडल्यानंतर पाचव्या मिनिटाला स्वतःची चाल लावावी लागते. आपल्या समीक्षाव्यवहारात अशी अट असती तर अनेक ग्रंथ लिहिले गेले नसते. प्रस्तुत लेखही कदाचित त्यांत मोडेल.

दोन मुंबईंच्या या दरीवर उभे राहून लिहिणारा एक परीक्षक मराठीला मिळाला, तो जयंत पवार. गिरणगावात वाढलेला, दामोदर आणि शिवाजी मंदिर या दोन्ही ठिकाणची भाषा अवगत असलेला, आणि दैनिकांतून नाट्यपरीक्षण लिहिणारा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने उद्ध्वस्त केलेल्या घरावरचे त्यांचे 'अधांतर' १९९७ मध्ये रंगभूमीवर आले. पुढे त्यावरून २०१० मध्ये 'लालबाग परळ' हा चित्रपट निघाला. परीक्षक पवार आणि नाटककार पवार यांना वेगळे काढता येत नाही. 'अधांतर'मधील भावंडे एकमेकांना जे बोलतात त्यात चाळीतला तोच कडवट विनोद आहे. घरात पैसा नसताना शिल्लक राहिलेली एकमेव चैन. त्यांनी परीक्षणात 'स्तुत्य प्रयत्ना'चा सूर बाजूला ठेवला. कामगार रंगभूमीला त्यांनी बरोबरीने वागविले, म्हणजेच प्रसंगी तिलाही चिमटा काढला. २०२१ मध्ये ते गेले. त्यांची विखुरलेली नाट्यपरीक्षणे साक्षेपाने एकत्र आणून अभ्यासली जावीत, ही अपेक्षा आपल्या महाविद्यालयांतील मराठी विभागांकडून करणे अवाजवी नव्हे. एकेका विभागाने एकेका नियतकालिकाची एक-दोन दशके वाटून घेतली तरी काम उरकेल.

डबलबारीच्या बाबतीत तर नोंद करण्यालाच सुरुवात झाली पाहिजे. दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. गिरण्यांच्या जागी मनोरे आले, चाकरमानी उपनगरांत पांगले. तरीही लालबागच्या आसपास बाऱ्या होतात, आणि त्यांची ध्वनिचित्रमुद्रणेही आता कोणीही करतो. कमतरता आहे ती वाचनाची. त्या थट्टेत कोणते निकष वापरले जातात, कशाला चूक म्हणतात आणि कशाला माफी असते, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या सहा विद्यार्थ्यांना घेऊन मी अशाच एका बारीला गेलो होतो. आम्ही पुढेच बसलो होतो आणि मी वहीत भराभर टिपून घेत होतो. दुसऱ्या बारीचे बुवा पेटीवर हात ठेवून थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मास्तरांनू, लिवन घेतास ता बरा, पण सूर खंयच्या कागदार लिवतलास?" मंडप हसला, विद्यार्थी सर्वांत जास्त हसले. मी वही मिटली. बुवांनी षड्ज लावला.